पायची (π) किंमत घरी मोजताना आणि गणितात वापरताना नेमकं कुठे चुकतं

माझ्याकडे नागपूरच्या महाल भागात संध्याकाळी आठवी ते दहावीची मुलं गणिताला येतात. दरवर्षी एक प्रश्न ठरलेला: "मॅडम, पाय म्हणजे २२/७ च ना जी? मग पुस्तकात त्याला अपरिमेय काहून म्हणते?" प्रश्न अगदी रास्त आहे; अपरिमेय म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकारात नेमकी मांडता न येणारी संख्या. गेल्या काही महिन्यांत पालकांकडूनही तेच ऐकलं. शाळेने 'परीघ आणि व्यास मोजून गुणोत्तर काढा' असा उपक्रम दिला, घरी सुतळीने मोजलं, उत्तर आलं २.९७. मग मुलाने वहीत गुपचूप ३.१४ लिहून टाकलं.

तसं करू नका. २.९७ का आलं हे शोधता येतं, आणि ते शोधण्यातच पाय समजतो. खाली दिलेला क्रम मी मुलांकडून करून घेते. क्रम बदलला की घोटाळा होतो, म्हणून टप्पे मागेपुढे करू नका.

एक गोष्ट आधीच पक्की करा. पाय हे गुणोत्तर आहे: कोणत्याही वर्तुळाचा परीघ भागिले त्याच वर्तुळाचा व्यास. बांगडी घ्या, विहीर घ्या, भागाकार तोच. त्याला सेंटीमीटर, इंच असं एकक नसतं, कारण वरचं एकक खालच्या एककाने उडतं.

## तयारी: काय घ्यायचं, काय टाळायचं

घ्या: पिठाचा मोठा स्टीलचा डबा, सरळ उभ्या भिंतीचा, साधारण ३० सेंटीमीटर व्यासाचा. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या. टाचणी, बारीक टोकाची पेन्सिल, स्टीलची फूटपट्टी किंवा टेप. एक सरळ बाजूचं खोकं किंवा जाड पुस्तक. साधा कॅल्क्युलेटर, ज्यावर वर्गमूळाचं बटण आहे.

टाळा: सुतळी, लोकर आणि शिवणाचा जुना कापडी टेप. हे तिन्ही ताणले जातात. गंजही (पातेलंही) नको, कारण त्याचा काठ बाहेर वळलेला असतो. परीघ पोटाचा घेतला जातो आणि व्यास काठाचा. घरात संत्री असतात म्हणून बरीच मुलं संत्रं उचलतात. आपलं संत्रं देठाशी आणि बुडाशी चपटं असतं, त्यामुळे आडवा फेर वेगळा आणि उभा फेर वेगळा येतो. मातीचा माठही तसाच, हाताने घडवलेला, क्वचितच पुरता गोल.

वस्तू मोठी का हवी? समजा बांगडीचा व्यास ६ सेंटीमीटर आहे. तिथे मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर ३.०९ पासून ३.१९ पर्यंत कुठेही जाईल. तीच एक मिलिमीटरची चूक ३० सेंटीमीटरच्या डब्यावर फक्त ०.०१ चा फरक करते. नाणं तर याहून वाईट. उपक्रमासाठी मुलं हमखास नाणं घेतात, कारण ते खिशात असतं.

## टप्पा १: आधी व्यास

मुलं परिघापासून सुरुवात करतात, कारण पट्टी गुंडाळायला मजा येते. तुम्ही व्यासापासून करा. चूक होते ती बहुतेक वेळा इथेच, आणि परीघ हातात आला की व्यास घाईत उरकला जातो.

डब्याच्या तोंडावर नजरेने मधोमध पट्टी ठेवली की मध्य थोडा तरी चुकतोच. पट्टी केंद्रातून गेली नाही तर जी लांबी मिळते ती व्यासापेक्षा लहान जीवा असते, म्हणजे वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी पण केंद्रातून न जाणारी रेघ. म्हणून असं करा:

१. डबा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा. भिंतीच्या तळाशी टाइलची पट्टी बाहेर आली असेल तर डबा टेबलावर घ्या आणि दोन्ही बाजूंना खोकी लावा.
२. दुसऱ्या बाजूने खोक्याची सरळ बाजू डब्याला टेकवा.
३. भिंत आणि खोकं यांच्यातलं अंतर खोक्याच्या दोन्ही टोकांना मोजा. दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत खोकं सरळ करा. तो आकडा म्हणजे व्यास.
४. डबा थोडा फिरवून पुन्हा मोजा. असं तीन वेळा करून सरासरी घ्या.

पडताळा: तीन आकड्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर डबा चेपलेला आहे. दुसरा घ्या.

वर्तुळ कागदावर काढलेलं असेल आणि केंद्र हरवलं असेल, तर वहीच्या पानाचा काटकोनी कोपरा वर्तुळाच्या कडेवर ठेवा. कोपऱ्यातून निघणाऱ्या दोन कडा वर्तुळाला जिथे छेदतील ते दोन बिंदू जोडा. तो व्यास. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे प्रमेय इथे कामाला येतं. असे दोन व्यास काढले की केंद्रही सापडतं.

## टप्पा २: मग परीघ

कागदाची पट्टी आधीच चिकटवून पुरेशी लांब करून घ्या. ३० सेंटीमीटरच्या डब्याला एक मीटर तरी लागते. व्यास ज्या उंचीवर मोजला त्याच उंचीवर ती गुंडाळा. झाकणाच्या कडेवर नको, तिथे जाडी वाढते. टोकं एकमेकांवर चढू द्या आणि जिथे चढली आहेत तिथे टाचणीने दोन्ही थरांतून एकच भोक पाडा. पट्टी सोडून सपाट करा. दोन भोकांमधलं अंतर म्हणजे परीघ.

सावधान: पट्टी तिरकी गेली तर ती मळसूत्रासारखी चढते आणि परीघ जास्त येतो. गुंडाळल्यावर खालची कडा डब्याच्या बुडापासून सगळीकडे सारख्या उंचीवर आहे ना, हे बोटाने फिरून पाहा.

परीघ आणि व्यास एकाच टेपने मोजा. टेप सगळीकडे सारखा ताणलेला असेल, तर दोन्ही आकडे त्याच पटीत चुकतात आणि भागाकारात ती चूक उडून जाते. पण टेपचं टोक झिजून शून्याची खूण गेली असेल, तर ती चूक उडत नाही. ती दोन्ही आकड्यांत सारखीच वाढते, आणि लहान आकड्याला म्हणजे व्यासाला जास्त लागते. म्हणून शून्यापासून मोजूच नका. १० च्या खुणेपासून मोजा आणि १० वजा करा.

## टप्पा ३: भागाकार, आणि उत्तराशी बोलणं

आमच्याकडे एका डब्याचे आकडे असे आले: परीघ ९४.५, व्यास ३०.१. भागाकार ३.१३९५.

ज्या मुलीने मोजलं ती खट्टू झाली, ३.१४१६ आलं नाही म्हणून. मी तिला व्यास एक मिलिमीटर इकडे-तिकडे करून पाहायला सांगितलं. ३०.० घेतला तर ३.१५, ३०.२ घेतला तर ३.१२९. म्हणजे तिच्या फूटपट्टीला जितकं दिसतं तितक्यात खरी किंमत नीट बसत होती. या उपक्रमाचं प्रामाणिक उत्तर "सुमारे ३.१४, शंभराव्या भागाइतकं इकडे-तिकडे" असं आहे. डबा आणि फूटपट्टी घेऊन कुणी ३.१४१५९ लिहून आणलं, तर त्याने ते मोजलेलं नाही.

उत्तर भलतंच आलं तर खालील यादीत शोधा:

- ६.२८ च्या आसपास: व्यासाऐवजी त्रिज्येने भागलं.
- ०.३२ च्या आसपास: उलटा भागाकार, व्यास भागिले परीघ.
- ३.२ किंवा जास्त: व्यासाच्या जागी जीवा मोजली, किंवा पट्टी तिरकी गेली, किंवा परीघ बाहेरून आणि व्यास आतून घेतला.
- ३.० किंवा कमी: सुतळी गुंडाळताना ताणली आणि मोजताना ती परत आखडली. २.९७ बहुधा असंच येतं. किंवा व्यास काठाचा आणि परीघ पोटाचा घेतला.

## टप्पा ४: सायकलच्या चाकाने खातरजमा

हा टप्पा ऐच्छिक आहे, पण मुलांना याच्याइतकं दुसरं काही पटत नाही. मडगार्ड नसलेली सायकल घ्या, हवा पूर्ण भरा. उन्हाळा असेल तर सकाळी सहाच्या आत उरका. दुपारच्या डांबरावर कुणाला उभं करू नका.

व्यास मोजायला चाक भिंतीशेजारी सरळ उभं करा. लेकराची उंची दाराच्या चौकटीवर जशी खूण करून मोजतो, तसं चाकाच्या माथ्यावर पुस्तक आडवं ठेवून भिंतीला टेकवा आणि खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंत व्यास. आता टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची खूण करा आणि सायकल हाताने ढकलत चाकाचे दहा पूर्ण फेरे करा. एकूण अंतराला दहाने भागा.

आमचे आकडे: दहा फेऱ्यांत २२.०८ मीटर, व्यास ७०.३ सेंटीमीटर. २२०.८ भागिले ७०.३ म्हणजे ३.१४१.

सावधान: सायकलवर बसून हे करू नका. वजनाने टायर खाली दबतो, एका फेऱ्यात अंतर कमी कापलं जातं आणि उत्तर घसरतं. सरळ रेषेत ढकला, नागमोडी गेलात तर टेपला ते कळणार नाही.

## टप्पा ५: क्षेत्रफळातही तोच पाय आहे का, हे पाहा

परिघाच्या सूत्रात पाय येतो हे आता हाताने कळलं. पण क्षेत्रफळाच्या सूत्रातही तोच आकडा कसा, हे मुलांना कुणी दाखवत नाही.

चौकटीच्या कागदावर १० चौकटींची त्रिज्या घेऊन पाव वर्तुळ काढा. कंपासचं टोक चौकटीच्या कोपऱ्यावरच ठेवा. मग मोजा: पूर्ण आत असलेल्या चौकटी ६९ येतात. कंस ज्यांच्यातून जातो त्या धरल्या तर एकूण ८६. म्हणजे पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ ६९ आणि ८६ च्या मधे आहे. कापलेल्या १७ चौकटी अर्ध्या-अर्ध्या धरल्या तर ७७.५. चौपट केले, त्रिज्येच्या वर्गाने म्हणजे १०० ने भागले: ३.१०.

थोडं कमी आलं, कारण कंस बाहेर फुगलेला असतो आणि कापलेल्या चौकटींचा सरासरी अर्ध्याहून जास्त भाग आत असतो. आलेख कागदाच्या बारीक चौकटी घेतल्या की उत्तर सुधारतं. ६९ आणि ८६ हे आकडे मात्र आलेच पाहिजेत. नाही आले तर कंपास सरकला आहे.

## टप्पा ६: मोजणी सोडून हिशोबाने जवळ जा

फूटपट्टीची हद्द संपली की भूमिती पुढे नेते. १ त्रिज्येच्या वर्तुळात सारख्या बाजूंचा, कोपरे वर्तुळावर असलेला षटकोन काढला तर त्याची प्रत्येक बाजूही १ येते. परिमिती ६, व्यास २, गुणोत्तर ३. आता बाजू दुप्पट करत जायच्या: १२, २४, ४८, ९६. नवी बाजू काढायची रीत अशी:

१. जुन्या बाजूचा वर्ग ४ मधून वजा करा.
२. त्याचं वर्गमूळ घ्या.
३. ते २ मधून वजा करा.
४. पुन्हा वर्गमूळ घ्या. ही नवी बाजू.
५. तिला बाजूंच्या संख्येने गुणा, २ ने भागा.

उत्तरं क्रमाने येतात: १२ बाजूंना ३.१०५८, २४ ला ३.१३२६, ४८ ला ३.१३९४, ९६ ला ३.१४१०. वर्तुळ हळूहळू भरत जातं आणि आकडा वर सरकतो, पण कधी खऱ्या किमतीला ओलांडत नाही, कारण बहुभुज वर्तुळाच्या आत आहे.

यात सगळ्यांची एकच चूक होते: मधेच दोन दशांश स्थळांवर आकडा तोडणं. ३ चं वर्गमूळ १.७३ घेतलं आणि पुढच्या फेरीतलं मूळ १.९३ घेतलं, तर २४ बाजूंनाच ३.१७ येतं. आतला बहुभुज वर्तुळापेक्षा मोठा झाला! हे अशक्य आहे, आणि अशक्य उत्तर दिसलं की तिथेच थांबायचं. दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी झाली की तोडलेला भागच मोठा दिसू लागतो. म्हणून कॅल्क्युलेटरवर जेवढे आकडे दिसतात तेवढे सगळे पुढे न्या. साध्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर ९६ च्या पुढे जाऊही नका. त्याच्याकडे तेवढे आकडे उरत नाहीत.

## टप्पा ७: आता २२/७ कडे या

सगळं झाल्यावरच हा टप्पा. मुलाला २२ ला ७ ने हाताने भागायला सांगा आणि बाकी बाजूला लिहीत जा: १, ३, २, ६, ४, ५, आणि पुन्हा १. बाकी परत आली की भागाकारही परत येतो. ३.१४२८५७१४२८५७... असा तोच गट फिरत राहतो. खरा पाय आहे ३.१४१५९२६५..., ज्यात असा गट कधीच फिरत नाही. तिसऱ्या दशांश स्थळापासूनच दोघांची वाट वेगळी होते.

म्हणजे २२/७ परिमेय आहे, पाय अपरिमेय आहे, आणि २२/७ ही पायच्या जवळची सोयीची संख्या आहे. त्या दोघांमधे बरोबरचं चिन्ह टाकलं की मुलाच्या डोक्यात कायमचा गोंधळ बसतो. 'सुमारे' हा शब्द तोंडाने म्हणायला लावा. आर्यभटाने ६२८३२/२०००० दिलं तेव्हाही त्याला 'आसन्न' म्हणजे जवळचं असंच म्हटलं होतं.

किती जवळचं, ते नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावरून पाहू. दगड केंद्र धरून ५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ नागपुरावर काढलं, तर त्याचा परीघ ३१ किलोमीटर ४१६ मीटरच्या आसपास. २२/७ वापरलं तर सुमारे साडेबारा मीटर जास्त येईल. ३.१४ वापरलं तर जवळपास १६ मीटर कमी. होय, ३.१४ पेक्षा २२/७ थोडं अधिक जवळ आहे, ३.१४ दशांशात लिहिलेलं असल्यामुळे ते अधिक अचूक वाटतं, एवढंच. आणि ३५५/११३ वापरलं तर चूक फक्त तीन मिलिमीटरच्या आत. ही किंमत लक्षात ठेवायला ११३३५५ लिहा, मधोमध तोडा, ३५५ वर आणि ११३ खाली.

## टप्पा ८: गणितात आणि कामात वापरताना

पहिला नियम: प्रश्नात जी किंमत दिली असेल तीच घ्या. ३.१४ घ्या म्हटलं असताना २२/७ घेतलं तर उत्तर जुळत नाही, आणि कॅल्क्युलेटरचा पाय तर अजिबात नको. काहीच दिलं नसेल आणि त्रिज्या ७, १४, २१ अशी असेल तर २२/७ ने पटकन भाग जातो. १० किंवा २० असेल तर ३.१४.

दुसरा: व्यास दिलाय की त्रिज्या, ते प्रश्न वाचतानाच अधोरेखित करा. निळ्या ड्रमचं उदाहरण घ्या, आतून व्यास ५६ सेंटीमीटर, उंची ९०. त्रिज्या २८, म्हणून घनफळ २२/७ × २८ × २८ × ९० म्हणजे २,२१,७६० घन सेंटीमीटर, २२१.७६ लीटर. खऱ्या पायने केलं तर २२१.६७. फरक ९० मिलिलीटर, अर्धा पेलाही नाही. पण टेप धरताना व्यास ५७ वाचला गेला तर ८ लीटरचा फरक पडतो. आणि व्यासालाच त्रिज्या समजलात तर चौपट, ८८७ लीटर. पायच्या किमतीवर वाद घालण्यापेक्षा टेप पुन्हा धरा, असं मी म्हणते ते यासाठी.

तिसरा: पाय शेवटपर्यंत चिन्ह म्हणूनच ठेवा, शेवटच्या ओळीत किंमत भरा. चालायच्या गोल ट्रॅकचा फेर १०० मीटर असेल आणि आतलं क्षेत्रफळ हवं असेल, तर त्रिज्या १५.९१५५ येते. ती १६ केली तर क्षेत्रफळ ८०४ चौरस मीटर दिसतं. खरं आहे सुमारे ७९६.

चौथा: अर्धवर्तुळाची परिमिती विचारली तर सरळ बाजू विसरू नका. त्रिज्या ७ असेल तर कंस २२ आणि व्यास १४, मिळून ३६. फक्त २२ लिहिणारी मुलं मी दर परीक्षेत पाहते.

जिथे व्यास धरताच येत नाही, तिथे उलटं करा. कडुलिंबाच्या खोडाला टेप गुंडाळून फेर १८८ सेंटीमीटर आला, तर ३.१४ ने भागून खोडाची जाडी साधारण ६० सेंटीमीटर. पार बांधायला गवंडी काका माप विचारतील तेव्हा त्यांना फेर सांगताय की जाडी, ते मात्र तोंडाने स्पष्ट सांगा.